कृष्णातची भिंत

आमच्या सुभेदारांना सगळं कसं बंद लागतं. दार बंद, खिडक्या बंद, पडदे ओढलेले. उघडं असतं ते फक्त तोंड. सुभेदार म्हणजे नाथाजी, माझे मालक. बर्फात नोकरी करून आलेला माणूस, त्यामुळं वाऱ्याची झुळूक आली तरी ह्यांच्या अंगावर काटा येतो. वर हायवेची धूळ आणि डास आहेतच. खिडकी उघडायला गेलं की पलंगावरनंच हुकूम सुटतो, "शालू, लाव ती!"

हे रिटायर झाल्यावर उंब्रजला आम्ही नवं घर बांधलं. काचेच्या सरकत्या खिडक्या, बेडरूमला लागून बाथरूम, त्यात गिझर. बांधलं माझ्या धाकट्या भावानं, कृष्णातनं. तो गवंडी. रहिमतपूरच्या पलीकडं माझं माहेर, तिथली कितीतरी घरं त्याच्या हातची आहेत. आमच्या घरासाठी तो इथंच येऊन राहिला. भर उन्हात भिंतींना पाणी मारत फिरायचा आणि मी चहा दिला की म्हणायचा, "आक्का, ह्या घराला काय बी हुनार न्हाई."

आणि झालं की! दुसऱ्याच पावसाळ्यात बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला, लोखंडी कपाटाच्या मागं, काळे ठिपके आले. मग रंगाला फुगे आले, पोपडे सुटले. खोलीत कुबट वास. गादीला हात लावला तर गार, दमट. सकाळी खिडकीच्या काचा आतून घामेजलेल्या असायच्या. तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं काहीतरी, पण काचेवरचं पाणी मी आपली रोज फडक्यानं पुसत होते. काच पुसणं हे बायकांचं कामच आहे ना, त्यात विचार कशाला करायचा!

सुभेदारांनी मात्र विचार न करताच निकाल दिला. गावात एकाच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. कृष्णातही आला होता, त्याच पंगतीत, ह्यांच्यापासून चार माणसं सोडून बसला होता. कुणीतरी घराचा विषय काढला आणि हे मोठ्यानं म्हणाले, "आमच्या भित्तीतनं पाणी येतंय. मेव्हण्यानंच सिमेंट खाल्लं, आता सांगायचं कुणाला?"

पंगत हसली. कृष्णात हसला नाही, भांडलाही नाही. पानावरनं उठला, हात धुतला आणि निघून गेला.

त्यानंतर त्याला कामं मिळेनात. सख्ख्या दाजीचंच घर गळतंय म्हणल्यावर दुसरा कोण त्याच्या हातात घर देईल? थापी सोडून तो रहिमतपूरला खताच्या दुकानात पोती उचलायला लागला. पंचमीला मला न्यायला आला नाही. भाऊबीजेला मी ताट करून बसले, तर साडी आली दुसऱ्याच्या हातनं. मी समजले, रुसलाय. रुसणारच की. माझाच नवरा आणि माझाच भाऊ, मी कुणाच्या अंगावर ओरडू? ह्यांच्या अंगावर ओरडले, तर म्हणाले, "मग भिंत बघ की, मी खोटं बोलतुय व्हय?"

भिंत तर ओलीच होती.

यंदाच्या श्रावणात अंकिता आली, आमची मुलगी. ती महाबळेश्वरला एका हॉटेलात नोकरीला आहे. पावसात तिकडं गिऱ्हाईक कमी म्हणून तिला सुटी. आली त्याच दिवशी सुभेदारांनी कपाटातनं आपला ठेवणीतला कोट काढला. कॉलरवर पांढरी बुरशी! झालं, माणसाचं डोकंच फिरलं. "सगळा गिलावा पाडतो! कराडचा गवंडी बोलावतो! लोकांना बी बघू दे आत काय भरलंय त्ये."

गिलावा पाडला म्हणजे कृष्णातच्या नावावर कायमचा दगडच पडला. मग तो पुन्हा माझ्या दारात येणार नाही, आणि थापी तर धरणारच नाही.

अंकितानं नाक वर करून खोली हुंगली. आत दोरी बांधून वाळत घातलेले कपडे बघितले, बाथरूममधनं येणारी वाफ बघितली. म्हणाली, "पप्पा, पाडा पाडायचं तर. पन आधी बघा तरी, पानी भित्तीतनं येतंय का खोलीतनं."

"खोलीत काय इहीर हाय?"

"आमच्या हॉटेलात पावसाळ्यात असंच करत्यात," म्हणत तिनं नव्या साडीची पारदर्शक पिशवी कापून सरळ केली. भिंतीचा एक तुकडा फडक्यानं कोरडा पुसला, पंख्याखाली वाळू दिला आणि त्यावर ते प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावलं. "पानी भित्तीतनं येत असंल तर प्लॅस्टिकच्या मागं साठंल. खोलीतल्या दमट हवेचं असंल तर पुढं. दोन दिवस हात लावू नका."

ते दोन दिवस मला जाता जाईनात. सारखी आत जाऊन यायची. देवाला काय मागावं तेही कळेना. भिंतच वाईट निघाली तर? आपल्या भावाबद्दल असा विचार मनात येतो, ह्याचीच लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं भिंतीसमोर उभे. प्लॅस्टिकच्या पुढच्या बाजूवर, आमच्याकडं तोंड करून, पाण्याचे थेंब. सुभेदारांनी ते एका फटक्यात उपटलं आणि मागं तळहात फिरवला. वर फिरवला, खाली फिरवला.

"कोरडं हाय," ते म्हणाले.

म्हणजे ते पाणी आमचं होतं. आमच्या आंघोळीची वाफ, ओल्या कपड्यांचा दमटपणा, रात्रभरचा आमचा दोघांचा श्वास. बाहेर जायला जागा नाही म्हणून गार भिंतीवर जाऊन बसायचं, आणि कपाटामागं तर वाराच नाही. कृष्णातची भिंत बिचारी आमचं पाणी अंगावर घेऊन शिव्या खात होती.

पुढचं सोपं होतं. बाथरूमला वाफ बाहेर फेकणारा पंखा बसवला. कपडे पडवीत पत्र्याखाली गेले. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. नाकाला फडकं बांधून मी आणि अंकितानं साबणाच्या पाण्यानं बुरशी घासून काढली, भिंत पुसून कोरडी केली. पाऊस थांबला की खिडक्या उघडायच्या, मग सुभेदार कानटोपी घालून बसू देत. हळूहळू वास गेला, काचा कोरड्या राहायला लागल्या.

आणि आमचे सुभेदार! चहाच्या टपरीवर बसून साऱ्या गावाला सांगायला लागले, खिडकी कशी उघडावी, कपाट कसं सरकवावं. जसा काही शोध ह्यांनीच लावला. कृष्णातचं नाव मात्र काढेनात.

"आवं, आन माझ्या भावाचं काय?" मी विचारलं.

"इसरला आसंल त्यो आता."

तेव्हा मात्र माझं डोकं सणकलं. "त्यो इसरला आसंल, मी न्हाई इसरले. भरल्या पंगतीत बोलला न्हवं? मग धा मानसांत सांगा, भिंत चांगली हाय म्हनून. तवर माझ्यासंगं बोलू नगा."

चूल बंद केली नाही, पण बोलणं बंद केलं. एवढी शांतता ह्यांना बर्फातही सोसावी लागली नसेल. अखेर सुभेदारांनी स्वतःच गाडी काढली आणि मला घेऊन रहिमतपूरला निघाले.

खताच्या दुकानात गिऱ्हाईकं होती. कृष्णात पाठीवर पोतं घेऊन आतनं आला. वाळला होता. आम्हाला बघून पोतं तसंच पाठीवर ठेवून उभा राहिला.

सुभेदार ताठ उभे राहिले आणि दुकानदारासकट सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "कृष्णात, तुझी भिंत चांगली हाय. प्लॅस्टिक लावून बघितलं, पानी आमच्या खोलीतलंच हुतं. मी बोललो त्ये चुकीचं हुतं."

मला वाटलं, आता हा चिडेल. चिडावं असंच मला वाटत होतं. त्यानं पोतं खाली ठेवलं आणि विचारलं, "मागनं कोरडी हुती?"

"खडखडीत."

"खालच्या अंगाला बी?"

"व्हय रं."

तो पोत्यावरच बसला. "दाजी, तुमी बोलला तवा मला वाटलं, ह्यो मानूस खोटं कशापायी बोलंल? मीच कुटंतरी चुकलो आसंन. लय आठवून बघितलं, कुटं चुकलो त्ये घावना. मग थापीच सोडली. दुसऱ्याचं घर कशाला नासवायचं?"

रुसला नव्हता तो. मी समजत होते तसं रागानं त्यानं काम सोडलं नव्हतं. त्याला ते खरं वाटलं होतं. सुभेदार बाजूच्या पोत्यावर हळूच बसले.

निघताना कृष्णात मला गाडीपर्यंत सोडायला आला. मी म्हणलं, "ये आता घरी. काम धर परत."

त्यानं लगेच हो म्हणलं नाही. हातावरची खताची भुकटी झटकत राहिला. मग खालच्या आवाजात विचारलं, "आक्का, प्लॅस्टिकच्या मागं भित्तीला हात कुनी लावला? तू का दाजींनी?"

"दाजींनी."

"मग खरं आसंल," तो म्हणाला.

सुभेदार गाडीचं दार धरून उभे होते. त्यांनी ते ऐकलं.