मला अचूक वाचणारा सुरज

मित्रांनो, मी एक म्हातारी ब्युरेट आहे. गंगाखेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, लाकडी कपाटाच्या वरच्या फळीवर आडवी पडलेली असते. हातभर लांबीची काचेची नळी, खाली काचेची तोटी, अंगावर शून्य ते पन्नास अशा बारीक खुणा. कधी काळी त्या खुणा काळ्याभोर होत्या. आता तिसाच्या पुढच्या पुसट झाल्या आहेत.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारागिरांनी तापलेल्या काचेतून मला ओढलं, अंगावर मापं कोरली आणि भुशाच्या पेटीत घालून इकडे पाठवलं. मुंजाजी मामांनी पेटी उघडली. ते इथले प्रयोगशाळा परिचर. त्यांनी मला आधी नळाखाली धुतलं, मग उजेडात धरून म्हणाले, "सर, ही नितळ हाय बघा."

सर म्हणजे पोखर्णीकर सर. त्यांचं सगळं आयुष्य रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं. अकरावीच्या मुलांना ते पहिल्याच दिवशी माझं काम समजावत. "खाली फ्लास्कमध्ये रंग नसलेलं द्रावण. वरून ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं. ज्या थेंबाला फिकट गुलाबी रंग येऊन टिकला, तिथं तोटी बंद. एक थेंब पुढं गेला, तर प्रयोग गेला."

सुरुवातीची वर्षं माझ्या सुखाची होती. एकेका तुकडीत साठ-साठ मुलं, माझ्यासाठी रांग लागायची. पुढे मुलं शिकवणीसाठी लातूरला, नांदेडला जाऊ लागली. नाव इथे, अभ्यास तिकडे, आणि तोंड दाखवायला फक्त फेब्रुवारीत, परीक्षेपुरतं. माझ्यावर धूळ साचू लागली. अशा दिवसांत सुरज आला.

सुरज गोदाकाठच्या एका खेड्यातला. घरी मेंढ्या. आई कोंडाबाई उसाच्या फडात खुरपायला जायची. लातूरला पाठवण्याची ऐपत नव्हती, म्हणून तो रोज एसटीने इथेच यायचा. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट घातलेला केमिस्ट त्याने एकदा खिडकीतून पाहिला होता. आपणही तसंच व्हायचं, एवढं एकच त्याच्या मनात होतं.

मित्रांनो, हजारो मुलांनी मला हाताळलं, पण सुरजसारखं कुणी वाचलं नाही. तो गुडघे वाकवून डोळा बरोबर द्रावणाच्या पातळीत आणायचा, मागे पांढरा कागद धरायचा आणि खूण वाचायचा. धुवायचाही असा, की काचेवर एक थेंब अडकत नसे.

पण त्याचा प्रयोग कधी जुळत नसे. सगळ्यांची वाचनं नऊ पूर्णांक आठच्या आसपास यायची. त्याची बारा, कधी साडेतेरा, कधी अकरा. फ्लास्कमधला गुलाबी रंग गडद होऊन जाई, तरी त्याची तोटी चालूच.

एकदा सरांनी त्याचा फ्लास्क उचलून वर्गाला दाखवला. "हे बघा. रंगपंचमी खेळायलाय हा. लक्ष कुठंय रे तुझं? मेंढ्यांत?"

मुलं हसली. सुरज खाली बघत म्हणाला, "सर, मला दिसलं तवाच बंद केलो."

"दिसलं तवा म्हणे. डोळे उघडे ठेवून कर."

त्या दिवशी त्याने मला दोनदा धुतलं. मला सगळं कळत होतं. तोटीपासून वीतभर खाली जो रंग साऱ्या जगाला दिसत होता, तो त्या पोराच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नव्हता. पण काचेला जीभ नसते.

बारावीत त्याच्या शेजारी मैथिली उभी राहू लागली. तहसीलमधल्या कारकुनाची मुलगी, अबोल. तिला वाटलं, हा घाबरतो म्हणून थांबायचं विसरतो. मग तिने एक युक्ती केली. गुलाबी छटा आली, की ती पेन्सिल टेबलावर हळूच टेकवायची. सुरज तोटी बंद करायचा. नऊ पूर्णांक आठ. पुन्हा नऊ पूर्णांक आठ.

सर खूश झाले. "बघ, मन लावलं की येतं." सुरजने मान हलवली. घरी आईला सांगितलं असेल त्याने. दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणाची पोळी होती, तिचा तुकडा त्याने मुंजाजी मामांना दिला.

फेब्रुवारीत बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक आले. मैथिलीचा क्रमांक सकाळच्या तुकडीत, सुरजचा दुपारच्या. तो माझ्यासमोर एकटा उभा राहिला. पहिलं वाचन साडेबारा. दुसरं अकरा. तिसऱ्याला तो तोटी बंद न करता कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

परीक्षक जवळ आले. फ्लास्कमधलं द्रावण गुलाबी झालं होतं. त्यांनी विचारलं, "हा कुठला रंग?"

सुरजने शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाला, "अजून काहीच न्हाई आला सर. पांढराच हाय."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. पोखर्णीकर सर हसले नाहीत. त्यांच्या हातातली यादी खाली आली.

परीक्षा संपल्यावर त्यांनी सुरजला थांबवून घेतलं. कपाटातून क्षारांच्या दोन बाटल्या काढल्या. एकीत हिरवा, दुसरीत गुलाबी. "फरक सांग बाळा."

सुरजने दोन्ही बाटल्या खिडकीशी नेऊन पाहिल्या. "दोन्ही सारख्याच हायत की सर."

सर स्टुलावर बसले. हळूहळू त्यांनी त्याला समजावलं, की काहींच्या डोळ्यांना काही रंग जन्मापासून वेगळे ओळखता येत नाहीत, यात त्याची काही चूक नाही.

"औषध?" सुरजने विचारलं.

"नसतं त्याला."

सुरजने दोन्ही बाटल्या परत टेबलावर ठेवल्या. मग तो बोलला. "आमच्या मेंढ्यांवर बा लाल पट्टा मारायचा सर, चुलता हिरवा. मी सारख्या मिसळून टाकायचो. लय मार खाल्ला त्यापायी. मला वाटायचं, माझं डोकंच कमी हाय."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी मला त्यांनी स्वतःच्या हाताने धुतलं.

सुरज बारावी पास झाला. पण दाखला न्यायला आला तेव्हा तो प्रयोगशाळेत आला नाही. जूनमध्ये सर त्याच्या गावी जाऊन आले. परतल्यावर मुंजाजी मामांशी बोलत होते, ते मी फळीवरून ऐकलं.

"मी म्हणालो त्याला, आता मोजायला यंत्रं आलीत, रंग बघायची गरज नाही. तू रसायनशास्त्रच घे, मी सगळीकडे येतो सोबत. तर म्हणाला, बी.ए.ला नाव घातलंय सर."

"मग?" मामांनी विचारलं.

"मग म्हणाला, 'दिसलं तवाच बंद केलो' असं मी वर्गात म्हणलो होतो, त्याच दिवशी तुमी इचारलं असतं, तुला काय दिसतंय म्हणून, तर मी रसायनशास्त्रातच थांबलो असतो." सर खिडकीशी गेले. "रागावला नव्हता मुंजाजी. चहा पाजला मला. मेंढ्या पाण्यावर न्यायच्या होत्या, म्हणून उठला."

मित्रांनो, माझी तोटी आता गळते. प्रयोगशाळेतल्या सामानाच्या नव्या यादीत माझ्या नावापुढे 'निकामी' असा शेरा आहे, आणि त्याचं मला दुःख नाही. काच आहे, कधीतरी फुटायचीच. मला फुटू नये म्हणून साऱ्यांनी जपलं. कापसात गुंडाळलं, दोन्ही हातांनी धरलं. माझ्यापुढे उभ्या राहिलेल्या पोराला मात्र तसं कुणी जपलं नाही.

तुमच्या शेजारच्या बाकावरचा कुणी सारखा चुकत असेल, तर हसण्याआधी त्याच्याजवळ जा. त्याला विचारा, तुला काय दिसतंय. आणि तो सांगेल ते खरं माना.