वरदपर्यंत न पोचलेलं तांबं

मी एक जुनी कारागीर आहे. मित्रांनो, माझी जागा कौसाबाईंच्या डोक्यात आहे, मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीत. तुमच्या पुस्तकात मला विकर, म्हणजे एन्झाइम, म्हणतात. इथे संप्रेरकांच्या माळा ओवल्या जातात. काही माळांच्या टोकाचा जादा मणी तोडून मी टोक बंद करते, तेव्हाच त्या नीट काम करतात. माझं हत्यार म्हणजे तांब्याचे कण. मी लवकर झिजते, पण माझ्यासारखीच दुसरी माझ्या जागी बसते. म्हणून कौसाबाईंचं सगळं आयुष्य मला आठवतं.

त्यांचा धाकटा भाऊ सदू आठवतो. केस तारेसारखे राठ, फिकट. मान कधी धरलीच नाही. वर्षाच्या आत गेला.

कौसाबाईंची थोरली लेक प्राची. कात्रपला सासरी तिच्या डोहाळजेवणात थट्टा चालली होती. "नाक आमच्याकडचं घे रे बाळा, बाकी कुणावरही जा!" प्राचीच्या सासूबाई मालिनीताई म्हणाल्या.

"आमच्या सदूवर नको जाऊ दे गो," कौसाबाई बोलून गेल्या. "त्याचं केस..."

"विहीणबाई, भरल्या ओटीसमोर गेलेल्याचं नाव काढतात का?"

पुढचे शब्द गिळून कौसाबाई पानं वाढायला उठल्या.

वरद जन्मला. तिसऱ्या महिन्यात त्याचे केस सदूसारखेच झाले, झटके येऊ लागले. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणा मुलाला असं होतं?"

"माझ्या भावाला."

"हा आजार आईकडून मुलग्यांत उतरतो. आधी सांगितलं असतं, तर जन्मताच सुईने तांबं देऊन पाहिलं असतं. आता फार उशीर झालाय."

कौसाबाईंनी उल्हासनगरच्या बाजारातून तांब्याचं फुलपात्र आणलं. "यातलं पाणी पाजू?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"आजी, ते तांबं त्याच्या आतड्यातून पुढे जातच नाही."

त्या वरदला मांडीवर घेत, तेव्हा मी इथे माया जागवणाऱ्या संप्रेरकाच्या माळा भराभर पुऱ्या करत होते. त्याच्या डोक्यातली माझी बहीण मात्र रिकाम्या हातांनी बसली होती. पहिल्या वाढदिवसाआधी वरद गेला. फुलपात्र हिरवं पडलंय. कौसाबाई ते घासत नाहीत.

परवा अंबरनाथला धाकट्या लेकीचं, चैत्रालीचं डोहाळजेवण झालं. ओटी भरताना कौसाबाई मोठ्याने म्हणाल्या, "आधी सदू गेला, मग वरद. उद्याच डॉक्टरला सांगायचं, समजलं?"

मालिनीताईही तिथे होत्या. त्यांनी मान खाली घातली.

मित्रांनो, नव्या बाळाच्या डोक्यातल्या माझ्या बहिणीला तांबं वेळेवर मिळायला फार काही लागत नाही. घरातल्या गेलेल्या बाळांची नावं तेवढी गिळू नका.