मच्छरदाणीतली पहारेकरीण

मी कोंबडी बोलतेय. नाक मुरडू नका! अंड्यांसाठी किंवा सुरीसाठी पाळलेली नव्हे, मी सरकारी नोकरीत आहे. दलदलीच्या काठी उघड्या पिंजऱ्यात बसायचं आणि डासांकडून चावून घ्यायचं, हीच माझी नोकरी.

इथल्या बगळ्यांच्या रक्तात मेंदूच्या तापाचा विषाणू असतो. बगळ्याला चावलेला डास दुसऱ्या पक्ष्याला चावतो, त्याला चावलेला तिसऱ्याला. हे रहाटगाडगं वर्षानुवर्षं चालू असतं आणि माणसांना त्याची गंधवार्ता नसते. असा डास मला चावला तर मी आजारी पडत नाही, पण माझ्या रक्तात खूण उमटते. दर आठवड्याला डॉक्टरीणबाई माझ्या पंखाखालून थोडं रक्त नेतात. खूण दिसली की लगेच वस्तीला सावध करतात, धूरफवारणी होते.

माझं दाणापाणी राखणदाराकडे. पिंजऱ्यामागच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहायची. मी सदा कटकट करते म्हणून दोघं मला 'आत्याबाई' म्हणायची.

एका संध्याकाळी माझा तुरा डासांनी फोडून काढलेला पाहून ती कळवळली. "अहो, बघवत नाही हो! मुका जीव तो."

घरातली एकुलती मच्छरदाणी तिने आणून पिंजऱ्यावर ताणली.

"अगं, बाईंना कळलं तर?"

"त्या यायच्या आत काढत जाऊ. आपलं काय, पांघरूण घेऊन झोपू."

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला गाढ झोप लागली.

माझं रक्त स्वच्छ येत राहिलं. "यंदा ताप नाही," म्हणून बाई निर्धास्त झाल्या. धूरफवारणी लांबणीवर पडली.

आणि मग राखणदाराची बायकोच तापाने फणफणली. नवऱ्याला ओळखेना. इस्पितळात नेली, ती परत आली नाही. माणसाच्या रक्तातून म्हणे या विषाणूला पुढे वाट नाही, तो माणसापाशीच संपतो. मेल्याला संपायचंच होतं, तर तिला कशाला नेलं?

बाई पिंजऱ्याशी आल्या. "कोंबडीचं रक्त स्वच्छ, मग हा ताप आला कुठून?"

राखणदाराने घडी घातलेली मच्छरदाणी आणून त्यांच्यापुढे ठेवली. "हिला चावत होते, बाई. म्हणून तिने..."

आता माझा पिंजरा उघडा असतो. माझी दया आली तर एवढंच करा, जाळी तुमच्या खिडकीला लावा. मला डास चावू द्या.

संध्याकाळी तो माझ्याजवळ येऊन बसतो. माझ्या तुऱ्यावर डास बसला की हाकलायला हात उचलतो, आणि तसाच खाली घेतो.