बाळंतिणीच्या हृदयातली भट्टी

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, पण माझ्यावाचून तुमचं पाऊल उचलत नाही. मी तंतुकणिका, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिऑन. वडिवळ्याच्या सविताच्या हृदयात, एका पेशीत राहते. माझं कूळ फार जुनं आणि ते आईकडूनच चालतं. सविताला मी तिच्या आईकडून मिळाले, आणि सविताच्या तान्ह्या लेकीत माझ्याच बहिणी आहेत. आडनाव बापाचं लावा, भट्टी आईची आहे.

माझं काम जाळण्याचं, पण भडका न करता. सविता भात खाते, तूप खाते. पोटात त्याचे बारीक कण होतात, रक्तातून पेशीत येतात, तिथं आणखी मोडतात आणि माझ्यापाशी पोचतात. रक्तानंच आणलेला प्राणवायू वापरून मी ते टप्प्याटप्प्यानं जाळते. त्यातून पाणी होतं, कार्बन डायऑक्साइड होतो, आणि ऊर्जा एटीपी नावाच्या कणांत भरली जाते. त्या एटीपीवर हृदयाचा ठोका पडतो. साठा करून ठेवायची सोय नाही. बनवायचं आणि लगेच द्यायचं.

आवणीत सविता पोटुशी असताना चिखलात वाकून रोपं लावत होती. आम्ही क्षणभर थांबलो नाही. लोक म्हणाले, "सविता लय कामाची." आमचं नाव कुणी काढलं नाही. सविताला बस म्हणून तरी कुणी म्हणालं का?

मग लेक झाली. श्रावणातला गारठा होता. सासू कस्तुराबाईनं बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, खिडकीला गोणपाट लावलं, दाराच्या फटीत फडकी कोंबली.

"आत्या, खिडकी उघडा की जरा. डोकं लय दुखतंय."

"वारं लागलं म्हंजी जलमभर कंबर धरून बसशील. लाडू खा आन् पड गप."

सवितानं हळिवाचा लाडू खाल्ला. मित्रांनो, जळण भरपूर होतं! पण कोंडलेल्या हवेत कोळसा धड जळत नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसला असता तर कस्तुराबाईनंच दार उघडलं असतं. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला असा चिकटतो की प्राणवायूला जागाच उरत नाही. रक्त येत होतं, पण रिकाम्या हातानं.

माझी भट्टी मंदावली. प्राणवायूविना पेशी थोडं एटीपी कसंबसं करते, पण एका साखरेच्या कणामागं जिथं तीसेक मिळायचे तिथं दोन. दोनात हृदय चालत नाही. आम्ल साचलं. ठोके आधी धावले, मग अडखळले. सविता उठायला गेली, पाय उचलेना. शेजारी लेकीचं रडणं बारीक होत गेलं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. दार उघडा! कुणीतरी दार उघडा!

लेक गप्प झाली.

बाहेर कस्तुराबाई समाधानानं म्हणाली, "झोपल्या दोगी. शेक मानवला."

तेवढ्यात शेजारची मुक्ताबाई बाळ बघायला आली. "आगं कस्तुरा, सून शेकतीस का कणसं भाजतीस? सर बाजूला, बघू दे नात."

"आत्ता नगं, आत वारं जाईल."

"जाऊ दे की! वाऱ्यानं कोन मेलंय?" तिनं दार ढकललं आणि किंचाळली.

दोघींना ओटीवर आणलं, टेम्पोतून कामशेतच्या दवाखान्यात नेलं. प्राणवायूचा मास्क लागला. हळूहळू रक्तातली जागा मोकळी झाली, माझी भट्टी परत धुगधुगली. लेक रडली. पण सविताच्या हृदयातल्या कितीतरी पेशी मेल्या. तिथं मेलेलं सहसा परत उगवत नाही. आता पाण्याची कळशी उचलली की तिला धाप लागते.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळंतीण असेल तर पेटते निखारे खोलीत नेऊ नका. शेकायचंच तर गरम पाण्याची पिशवी आहे. मोठी माणसं रागावतील. रागावू द्या, दार उघडा.

त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर कस्तुराबाई कपाळ बडवत होती. "म्या मायेनंच केलतं गं मुक्ता! मायेनंच केलतं!"

केलं होतं. खोटं नाही. पण बाई, माया मला जाळता येत नाही. मला हवा लागते.