उसनी खोली

चौथ्या मजल्यावरचा समोवार, चहाचं पाणी उकळायचं पितळी भांडं. खाटकाच्या बायकोचं मखमली टेबलपोस. कुणाच्या तरी मेलेल्या सासऱ्याचं, चांदीच्या चौकटीतलं चित्र. बंद पडलेलं घड्याळ. हेन्याच्या घशात राखाडी साय.

हे सगळं गुरुवारी दुपारी एकाच खोलीत जमलं, न्यूयॉर्कात, रिव्हिंग्टन स्ट्रीटच्या मागच्या चाळीत. समोवार उचलून आणणारी शेजारीण त्सिपे दारातच धापा टाकत म्हणाली, "द्वोशे, डॉक्टर येतोय का नवरदेव?"

"आपण उकिरड्यात राहतो असं वाटायला नको त्याला."

"अगं, राहतो तिथेच की!"

घड्याळाचे काटे बोटानं सरकवून द्वोशानं वेळेवर आणले. तिची पाच वर्षांची लेक हेन्या पलंगावर मान ताणून, शिट्टीसारखा श्वास घेत पडली होती.

डॉक्टर रोझोव्स्कींनी चमच्यानं जीभ दाबून पाहिली. "घटसर्प." मग त्यांची नजर खोलीभर फिरली. पिशवीत गेलेला हात रिकामाच बाहेर आला. "कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून टोचायचं औषध विकत आणवा, बाई. मी तासाभरात परत येतो. माझ्याजवळची बाटली आरोग्य खात्याची, फुकटातली. ती गरिबाघरी द्यायची असते."

द्वोशा नुसती मान हलवत राहिली. घरात उद्याच्या पावापुरते पैसे होते. डॉक्टर जिना उतरू लागले. श्वास घेताना हेन्याच्या गळ्याखालची खाच खोल आत ओढली गेली, तेव्हा कुठे द्वोशाचे पाय हलले.

कठड्यावर ओणवून ती ओरडली, "डॉक्टर! ते आमचं नाही! त्यातलं काहीच आमचं नाही! आम्ही गरीब आहोत!"

मजल्यामजल्यावरची दारं उघडली.

"ही तर सांगत होती, नवऱ्याचं बटणांचं दुकान आहे म्हणून," खाटकाची बायको म्हणाली.

"आहे की! हातगाडीच्या चाकांवर!" खालून कुणीतरी म्हणालं, आणि जिनाभर हसू फुटलं.

द्वोशानं डोक्यावरचा रुमाल पार भुवयांपर्यंत ओढला.

डॉक्टर परत वर आले. सुई उकळली, बाटली उघडली. "दुखणं कधीपासूनचं? नीट आठवून सांगा. जितके दिवस उलटले, तितकं औषध जास्त द्यावं लागतं."

दारात त्सिपे उभी होती. तिच्यामागे खाटकाची बायको, तिच्यामागे आणखी दोघी, माना उंच करून. द्वोशानं त्या सगळ्यांकडे पाहिलं.

"आज सकाळपासून," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पिचकारी अर्धीच भरली.

घसा दुखतोय असं हेन्या मंगळवारीच म्हणाली होती. पडदे धुवायला काढलेले होते, म्हणून डॉक्टरला गुरुवारी बोलावलं.