धक्क्यावरची बाई

"चार!" माझा पोरगा म्हणाला आणि त्यानं कप एवढ्या जोरात ठेवला की निम्मा चहा बशीत आला. "दहापैकी चार. गेम सगळा दुरुस्त झाला, आणि तुझा रिव्ह्यू मात्र अजून तिथंच, खुंट्याला बांधल्यासारखा!"

"मी जे पाहिलं ते लिहिलं," ठिणगी म्हणाली. "त्या दिवशी बोट नदीतून आरपार खाली पडत होती. मग काय लिहू, वा, काय सुरेख विहीर आहे?"

"आता नाही पडत."

"आता नाही पडत, चांगलंच आहे. पण पहिल्या दिवशी ज्यांनी घेतला, ते पडलेच ना रे ढब्बू?"

"ढब्बू म्हणू नकोस. कामाचं बोलतोय मी."

स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी मी दोघांच्या मधे बसलो होतो. मला पोराचंही पटत होतं आणि तिचंही पटत होतं, आणि हीच माझी पंचाईत होती. एकाच्या बोलण्यावर मान हलवली की दुसरा डोळे वटारायचा. शेवटी मी चहाकडे बघून मान हलवू लागलो.

ठिणगी शेजारच्या घरातली. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण लहानपणापासून ती अशीच तडतडते. नवा गेम बाजारात आला की तो खेळून त्याचं परीक्षण लिहायचं, हे तिचं काम. लोक ते वाचतात आणि मग गेम घ्यायचा की नाही ते ठरवतात. माझा पोरगा गेम बनवतो. एका दुकानाच्या वरच्या खोलीत तो आणि त्याचे सोबती वर्षानुवर्षं खपत होते, त्यातून त्यांचा हा पहिला गेम निघाला. एक फेरीबोट आहे. खेळणाऱ्यानं ती चालवायची, माणसं या काठावरून त्या काठावर न्यायची, संध्याकाळी बोट धक्क्याला बांधायची, की दिवस संपला. बस्, एवढंच.

माझा जन्म फेरीबोटीच्या इंजिनापाशी गेला. पोराला तसं म्हटलं तर म्हणतो, "बाबा, जगातली प्रत्येक बोट तुमची नसते." नसेल. पण त्या गेममधल्या इंजिनाला थंडीत सुरू होताना जो खोकला येतो, तो मी ओळखतो.

आपल्या शेजाऱ्याचा गेम आहे, दुसऱ्या कुणाला द्या, असं ठिणगीनं आधी तिच्या संपादकाला सांगून पाहिलं. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मग तिनं वरच स्पष्ट लिहिलं की हा बनवणारा माझ्या ओळखीचा आहे, आणि खाली चार गुण दिले. "ओळखीच्याला दोन कमीच," असं पोरगा तेव्हापासून म्हणतोय.

यात माझाही हात होता. ठिणगीची एक रीत आहे. लिहायला बसण्याआधी ती मला गेमपुढं बसवते, काही सांगत नाही, आणि मागं बसून नुसती बघते. ज्याला गेममधलं ओ की ठो कळत नाही, असा माणूस कुठं चुकतो, कुठं अडतो, हे तिला पाहायचं असतं. "काका माझा ओळंबा आहेत," असं ती चारचौघांत सांगते. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला लोखंड बांधून सोडतो, तो ओळंबा. त्याला अक्कल लागत नाही, नुसतं लटकायचं असतं. म्हणून मला ते काम जमतं.

तर त्या दिवशी मी लटकलो होतो. नदीत दोनदा पडलो. तिसऱ्यांदा बोट धक्क्याला लागली आणि मी ती बांधली. धक्क्यावर एक बाक होता, बाकावर एक बाई बसलेली, शेजारी जेवणाचा डबा. गेममधली संध्याकाळ झाली, दिवे लागले, उतारू आपापल्या वाटेनं गेले. ती बाई उठली नाही. मीही उठलो नाही.

पुढं ठिणगीनं लिहिलं ते मी ओळीवर बोट ठेवून ठेवून वाचलं. अक्षरं मला तिनंच शिकवलेली, ती शाळेत जात होती तेव्हा, माझ्या बोटांचं ग्रीस तिच्या पाटीला लागत असताना. तिनं लिहिलं होतं: 'धक्क्यावरची बाई अंधार पडला तरी उठत नाही. एक वयस्कर खेळाडू तिच्यासमोर बोट बांधून तासभर नुसता बसून राहिला. पुढं काय करायचं हे गेमनं त्याला सांगितलंच नाही.'

ते वाक्य लोकांना फार आवडलं. जो तो तेच सांगून हसायचा.

"सोमवारी आमच्या कंपनीचा मालक ठरवणार आहे," पोरगा आता खालच्या आवाजात म्हणाला. "पुढचा गेम करू द्यायचा का खोलीला कुलूप लावायचं. तो गेम खेळत नाही, तुमचा आकडा बघतो. तू तो बदललास तर आम्ही आहोत, नाहीतर सगळे आपापल्या घरी."

ठिणगीनं आपला कप बाजूला सरकवला. तिच्यासाठीही हे सोपं नव्हतं. या पोराला तिच्याच आईनं आमच्या मागं कितीतरी संध्याकाळी जेवू घालून निजवलेलं.

"आधी बघ तरी," म्हणत त्यानं लॅपटॉप उघडला.

बघितलं. नदी आता नदीसारखी होती. बोट पाण्यावर राहत होती. धक्का आला, दिवे लागले, आणि बाकावरची बाई उठली. कपडे झटकले, पायऱ्या चढली आणि दिसेनाशी झाली.

"बघितलंत बाबा? हिला उठवता उठवता तीन आठवडे आमच्या नाकीनऊ आले! बसायची ती बसायचीच."

"छान उठली," मी म्हणालो.

त्यानं खुशीत लॅपटॉप मिटला.

"बोला काका," ठिणगी म्हणाली. "ओळंबा तुम्ही. बदलू का?"

"बदल की," मी म्हणालो. "म्हणजे, आता नदी नीट आहे तर नीट आहे असं लिहायला हवं. पण तेव्हा नीट नव्हती, ते तरी कसं पुसायचं? तेव्हा पडलेला माणूस म्हणेल, मी काय स्वप्नात पडलो?"

"म्हणजे नको?"

"नको असं नाही."

"काका, एक पाय या बोटीत, एक त्या बोटीत. पडाल मधेच."

"मला सवय आहे," मी म्हणालो. दोघंही हसले. मी हसलो नाही. मला भलताच प्रश्न पडला होता. "ते बाकावरचं वाक्य पण जाणार का गं?"

"ते तर सगळ्यात आधी जायला पाहिजे!" पोरगा उसळला. "त्याच वाक्यानं आमची धिंड निघाली. कोण होता तो अडकलेला म्हातारा, देव जाणे!"

त्याला ठाऊक नव्हतं. ठिणगीनं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"मी होतो," मी म्हणालो. "पण मी अडकलो नव्हतो."

"मग?"

"बसलो होतो."

"तासभर? कशाला?"

आता हे कसं सांगायचं ते मला कळेना. पोराची आई रोज डबा घेऊन धक्क्यावर यायची. निघताना त्याला सांगायची, दिवे लागले की येतेच मी. आणि तो शेजारी झोपून जायचा. शेवटची फेरी संपायला उशीर व्हायचा. तोवर ती बाकावर बसलेली असायची, पावसात, थंडीत, कशातही. मग आम्ही तिथंच डबा उघडायचो, आणि झोपलेल्या पोराला खांद्यावर टाकून घरी आणायचो. दिवे लागल्यावर आई येते, एवढंच त्याच्याजवळ होतं. त्यानं गेममध्ये तेवढंच घातलं. त्याचंही काही चुकलं नव्हतं.

"शेवटची बोट यायची होती ना," मी एवढंच म्हणालो. "त्याआधी ती उठायची नाही."

 पोरानं बशीतला चहा परत कपात ओतला, मग पुन्हा बशीत.

ठिणगी म्हणाली, "मग माझं वाक्य चुकलंय, काका. नदीचं बरोबर होतं, ते मी पुसणार नाही. चार गुण तारखेसकट खाली राहतील, आणि वर मी आजचं नवं लिहीन, नव्या आकड्यानं. पण तुम्ही अडकला नव्हतात. ते मी समजून न घेता लिहिलं. ते आजच काढते."

"वरचा आकडा, खालचा आकडा," पोरगा पुटपुटला. "मालक कुठला वाचणार?"

"मालक माणूस. खाली कशाला बघेल?" ठिणगी म्हणाली.

मला म्हणायचं होतं, राहू दे गं ते वाक्य. अख्ख्या जगात तेवढ्याच एका ओळीत ती अजून बसलेली होती. पण ठिणगी चुकीचं काही ठेवत नाही, म्हणून तर मी तिचं वाचतो. तिला माझ्यासाठी चूक ठेव असं कोणत्या तोंडानं सांगू? आणि चूक तरी नक्की कुठली, तिची, गेमची की माझी, हे मला तेव्हाही उमगलं नाही आणि अजूनही उमगत नाही.

नवं परीक्षण आलं. मी बोट ठेवून वाचलं. वर सात गुण, खाली जुने चार. जुन्यातलं ते वाक्य गेलं होतं. आधीचं आणि नंतरचं असं जुळवून घेतलं होतं की मधे काही होतं हे कळूही नये. नव्यात लिहिलं होतं: 'धक्क्यावरची बाई आता दिवे लागले की घरी जाते.'

सोमवारी पोराचा फोन आला. मालकानं दोन्ही आकडे वाचले होते. यातला खरा कुठला, असं त्यानं विचारलं.

"मग तू काय म्हणालास?"

"दोन्ही म्हटलं. तो गोंधळला. शेवटी म्हणाला, करा अजून एक गेम."

"बरं झालं," मी म्हणालो.

"बाबा," तो म्हणाला. "तिला परत बसवू का? अवघड नाही."

"नको रे," मी म्हणालो. "तीन आठवडे राबलास ना तिला उठवायला. जाऊ दे घरी."

दुपारी मी गेम लावला. इंजिन खोकलं आणि सुरू झालं. माणसं नेली, आणली. संध्याकाळी धक्का जवळ आला तसं सवयीनं इंजिन हळू केलं. दिवे लागले. ती उठली, कपडे झटकले, पायऱ्या चढून गेली.

डबा बाकावरच राहिला होता.

तो उचलायचं पोरगं विसरलं होतं. हा बिघाड ओळंबा म्हणून मी ठिणगीला सांगायला हवा होता, आणि बाप म्हणून पोराला. अजून दोघांनाही सांगितलेला नाही. मी बोट बांधली.