लवचिकता केंद्राचं कुलूप

"नागूआक्का, आज एक दिवस कुणाला आत घ्यायचं न्हाय. मॅडम येऊन गेल्या की मग काय लोळवायचं ते लोळवा," असं म्हणत शिवप्रसादअण्णांनी समाजमंदिराच्या दाराला नवं कोरं कुलूप घातलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली शर्टाच्या वरच्या खिशात टाकली.

नागूबाई फडकं पिळत उभी होती. पहाटेपासून तिनं आतली शहाबादी फरशी तीन पाण्यांनी पुसली होती. फिनेलचा वास तिच्या पदरालाही लागला होता.

"आन् दुपारची माणसं?"

"कुठली?"

"रोजची."

"एक दिवस लिंबाखाली बसतील की. मरतेत का काय?"

अण्णांच्या तोंडून निघून गेलं. नागूबाईकडे न बघता त्यांनी मोटारसायकलला किक मारली. ती तीन किकांत सुरू झाली, पण त्या तीन किका फार लांबल्या.

उमरग्यातल्या त्या वस्तीत पक्कं छप्पर म्हणजे एवढं समाजमंदिर. बाकी सगळे पत्रे. मे महिन्यात अकरा वाजले की घरात बसणं म्हणजे तव्याखाली बसणं. मग माणसं इकडं सरकायची. धान्याच्या मोंढ्यातले हमाल, तान्ह्या पोराला घेऊन एखादी बाळंतीण, भांड्यांवर जुने कपडे घेणारी बोहारीण, कधी हैदराबाद रोडला ट्रक बंद पडलेला ड्रायव्हर. नागूबाई अंगणवाडीची मदतनीस म्हणून निवृत्त झालेली. ती खिडक्यांना ओली पोती टांगायची, दोन रांजण भरून ठेवायची आणि घोरणाऱ्यांना कुशीवर वळवायची. या कामाचा पगार कुणी देत नव्हतं, कुणी जाबही विचारत नव्हतं, त्यामुळे ते सुरळीत चाललं होतं. सात वर्षांत त्या दाराला कुलूप लागलं नव्हतं.

मग नगरपालिकेत ते पत्र आलं. तीन वस्त्यांना 'वस्ती लवचिकता केंद्र' उभारायला निधी मिळणार होता. अण्णा माजी नगरसेवक. पत्र त्यांनी चार वेळा वाचलं, त्यातलं दोनदा चष्मा लावून, आणि निकाल दिला, "लवचिकता म्हणजे योगा." त्यांची पुतणी शिवप्रिया योगाचे वर्ग घ्यायची. तिच्या आठ बायका ठरल्या, जांभळे टी-शर्ट शिवून आले, जांभळ्या चटया आल्या. पत्राच्या दुसऱ्या पानावर छताला पांढरा रंग, सौर पंखे, पाण्याची मोठी टाकी, प्रथमोपचाराची खाट अशी यादी होती. अण्णांनी तिचाही उलगडा केला. योगा केला की घाम येतो, म्हणून पंखे. कुणाची कंबर धरली तर खाट.

नागूबाईनं त्यातलं 'टाकी' आणि 'पंखे' एवढंच उचललं. गेल्या उन्हाळ्यात नळाला बारा दिवसांनी पाणी आलं होतं आणि रांजण दुपारी दोनलाच तळ दाखवत होते. टाकी येत असेल तर योगा का फिगा, काय व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून ती गप्प बसली होती. कुलपापर्यंत गप्प बसली होती.

निधीसाठी जागा तपासणाऱ्या मॅडम अकराला यायच्या होत्या. साडेअकराला कळलं की गाडी अजून तुळजापूरजवळ आहे. योगाच्या बायका अण्णांच्या घरी कूलरसमोर बसून राहिल्या. अण्णा हायवेच्या चौकात स्वागताला जाऊन थांबले. इकडं लिंबाखाली पंधरा-वीस माणसं जमली. लिंबाला तरी पानं किती? सावली जाळीची, आणि त्या जाळीतून वारा यायचा तो भट्टीतला.

"नागूमावशी, आत काय देव बसवला का काय?" बोहारणीनं विचारलं.

"मॅडम बसणारेत."

"मग बसू द्या की. आमी काय त्यांच्या मांडीवर बसणार हाव?"

माणसं हसली. नागूबाईही हसली, पण तिचं लक्ष पायऱ्यांकडं होतं. कोंडीराम हमाल मोंढ्याकडून येत होता. पाय टाकायचा एकीकडं, पडायचा दुसरीकडं.

"वैनी, आज कुलूप?"

"लोक येलालेत तपासायला, कोंडीबा. जरा दम काढा."

"काढतो की," म्हणत तो तिसऱ्या पायरीवर बसला आणि भिंतीला टेकला.

नागूबाईच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. तीच पायरी. सात वर्षांमागं अशाच मे महिन्यात तिचा नवरा महांतप्पा मोंढ्यातून असाच आला होता. घरात पत्रा तापलेला म्हणून गारव्याला इकडं आला, तर दाराला कुलूप. किल्ली तेव्हा नगरसेवकाकडं असायची. अण्णा त्या दिवशी नळदुर्गला लग्नाला गेले होते, किल्ली खिशात घेऊन. महांतप्पा तिसऱ्या पायरीवर बसला तो उठलाच नाही. मातीला अण्णा आले होते, मागं उभे होते. किल्लीचं कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नागूबाईच्या उंबऱ्यावर ठेवलेली दिसली. कुणी ठेवली, हे तिनं विचारलं नाही.

तिनं कोंडीरामच्या मानेला हात लावला. कातडं चटका देत होतं आणि घामाचा एक थेंब नव्हता.

"कोंडीबा, माझं नाव काय?"

"महांतप्पा… पोतं उचल," तो म्हणाला.

"एकशेआठला लावा कुणीतरी!" असं ओरडत तिनं स्वतः अण्णांना फोन लावला. लागला नाही. परत लावला. मग तिनं फोन कमरेला खोवला आणि घराकडं निघाली. एकसष्टाव्या वर्षी बाई पळत नाही, भरभर चालते. परत आली तेव्हा तिच्या हातात वरवंटा होता.

टाकी गेली, पंखे गेले, हे तिच्या मनात येऊन गेलं. ते येत होतं तोवर हात वर गेला होता.

कुलूप अण्णांनी चांगलं घेतलं होतं. पहिल्या दोन घावांना त्यानं दाद दिली नाही. मग तिनं कुलपाचा नाद सोडला आणि कोयंड्यावर मारायला लागली. चौथ्या घावाला तो चौकटीतून उपटून कुलपासकट लोंबायला लागला. वरवंट्याचा एक टवका उडाला.

कोंडीरामला दोघांनी उचलून फरशीवर निजवलं. नागूबाईनं ओली पोती त्याच्या अंगावर टाकली, मानेखाली, काखेत भिजलेली फडकी ठेवली, आणि बोहारीण तिच्या पितळी ताटानं वारा घालायला लागली. बाकीची माणसं मागोमाग आत आली आणि जांभळ्या चटया दिसताच, आपल्याचसाठी अंथरल्यात असं समजून, निवांत आडवी झाली.

पाऊण तासानं मॅडमची गाडी आली. निकिता मॅडम संभाजीनगरहून आल्या होत्या, वय तीस-बत्तीस, तोंड उन्हानं लाल. कोंडीरामला घेऊन अँब्युलन्स नुकतीच गेली होती. जाताना त्यानं नागूबाईला नावानं हाक मारली होती, त्यामुळे तिच्या जिवात जीव होता.

अण्णा दारात थबकले. लोंबतं कुलूप त्यांनी बघितलं, तिसरी पायरी बघितली.

"मॅडम, एक पाचच मिंटं. ह्यांना उठवतो. आमच्या योगाच्या महिला तयार हायेत."

"योगा? योगा कशाला?"

"लवचिकता केंद्र म्हणून…"

मॅडमनी रुमालानं तोंड पुसायचं निमित्त केलं. रुमालामागं हसू होतं. "अहो, तसं नाही. ऊन वाढत चाललंय, एकदम ढगफुटी होते. तेव्हा वस्तीनं टिकून राहावं, परत उभं राहावं. त्याला लवचिकता म्हटलंय."

"तगायचं म्हणा की मग," नागूबाई बोलली. "लवायचं काय त्यात? इथं येतंय ते माणूस आधीच लवलेलं असतंय. त्याला ताठ करून धाडायचं असतंय."

मॅडम रांजणातलं दोन गडवे पाणी प्यायल्या, मग चपला काढून, भिंतीला टेकून फरशीवर बसल्या. गार फरशीला तळवे लावून थोडा वेळ डोळे मिटले. मग फॉर्म काढला. रोज किती माणसं, पाणी कुठून, छत कशाचं. नागूबाई सांगत गेली.

"केंद्र बंद व्हायची वेळ?"

नागूबाईनं अण्णांकडं बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडं असं सरळ बघितलं.

"बंद होत न्हाय, मॅडम," अण्णा म्हणाले.

"मग ते कुलूप?"

अण्णांचा हात वरच्या खिशाकडं गेला. "ते माझं हाय," ते म्हणाले. "माझ्याकडनं चुकून लागलं."

शिवप्रियाच्या बायका आल्या त्या जांभळ्या टी-शर्टांत पाण्याचे तांबे फिरवत राहिल्या. मॅडम जाताना म्हणाल्या, अकरा वस्त्यांतून तीन निवडायच्यात, शब्द देता येत नाही, ऑगस्टमध्ये कळेल.

"कळू द्या," नागूबाई म्हणाली. "तवर दोन रांजण हायेत."

दिवस कलला तसे अण्णा एकटेच आले. हातात पेचकस होता. त्यांनी मोडका कोयंडा काढला, मग दाराच्या फळीची कडीही काढली. गंजलेले स्क्रू निघता निघेनात. शेवटी लाकडात चार भोकं तेवढी राहिली. ते सगळं लोखंड त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात भरलं. खिसा फाटायला आला.

"दवाखान्यात जाऊन आलो," ते म्हणाले. "कोंडीराम पेज प्यायला."

"बरं झालं."

नागूबाईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. तो घेऊन अण्णा पायऱ्यांवर बसायला आले. वरच्या, चौथ्या पायरीवर बसले. माणसाचे पाय आपसूक खालच्या पायरीवर जातात. अण्णांनी ते उचलून कडेला घेतले, आणि तसेच अवघडून, तिसरी पायरी मोकळी ठेवून, पाणी पीत राहिले.